दिसते तसे असते का?
(येऊ घातलेल्या छोट्या सैनिकांकडे कसे पाहावे)



आपल्या वर्गातल्या काही मुलामुलींना क्रिकेटचे वेड आहे, काहींना फुटबॉलचे, आणि काहींना टेबलावर मांडून खेळायच्या छोट्या सैनिकांचे. या तिसऱ्या गटातली मुले वर्षभर एका गोष्टीची वाट पाहत असतात. नवे सैनिक बाजारात येण्याच्या दोन-तीन महिने आधी त्यांची चित्रे प्रसिद्ध होतात. चित्र पाहिले की मुलांचा जीव वरखाली होतो, आणि त्याच संध्याकाळी घरात संवाद सुरू होतो. "आई, मला हे हवंय." "कशाला? मागचे अजून रंगवायचे आहेत ना?" "पण हे वेगळे आहेत!" "वेगळे म्हणजे काय?" इथे बहुतेकांची गाडी अडते. वेगळे आहेत हे डोळ्यांना दिसते, पण तोंडाने सांगता येत नाही, मराठीत तर नाहीच. मग एक बाजू म्हणते "हट्टी आहे", आणि दुसरी म्हणते "यांना काही कळत नाही".

हा लेख दोन्ही बाजूंसाठी आहे. हातात न आलेल्या वस्तूबद्दल केवळ चित्र पाहून मत कसे बनवावे, त्या मतावर किती विश्वास ठेवावा आणि ते शब्दांत कसे सांगावे, हे आपण पाहू.

हा खेळ आहे तरी काय?

अशा खेळांपैकी सर्वांत गाजलेला म्हणजे 'वॉरहॅमर ४०,०००'. तो काढणारी 'गेम्स वर्कशॉप' ही कंपनी १९७५ साली लंडनमध्ये सुरू झाली. आज तिचे मुख्य ठाणे नॉटिंगहॅम येथे आहे. वॉरहॅमर हा मूळ खेळ १९८३ सालचा. त्यात जादू, बुटके, राक्षस आणि भालेवाले सैनिक होते. १९८७ साली त्याचा अंतराळातला भाऊ जन्माला आला, तोच हा 'फॉर्टी के'. त्यातली कथा चाळीस हजार वर्षांनंतरच्या काळात घडते.

खेळ दोघांमध्ये होतो. प्रत्येकजण आपली सेना मांडतो. बुद्धिबळासारखे पटावर चौकोन नसतात. कोणता सैनिक किती अंतर जाईल ते टेपने इंचांत मोजायचे आणि नेम लागला की चुकला ते फाशांनी ठरवायचे. पण खेळाचा निम्मा आनंद त्याच्याही आधीचा असतो. सैनिक तयार मिळत नाहीत. प्लास्टिकच्या चौकटीतून भाग कापायचे, जोडायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. म्हणजे दुकानातून आपण सैनिक आणत नाही, सैनिक करण्याचे सामान आणतो. ही गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवली तर पुढचे सारे समजायला सोपे जाईल.

ज्यांचे बालपण महाराष्ट्रात गेले त्यांना हे अगदीच परके वाटू नये. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडताना आपण काय करत होतो? बाजारात मावळे निवडताना कोणाचा भाला वाकडा, कोणाचा फेटा नीट रंगलेला, कोण उभा राहतो आणि कोण तोंडावर पडतो, हे बघूनच घेत होतो. फरक इतकाच की ते मावळे हातात घेऊन पाहता येत. येथे मात्र आधी चित्र, मग पैसे, आणि वस्तू सर्वांत शेवटी.

एक खरे उदाहरण

उदाहरण म्हणून २०२३ साल घेऊ. त्या वर्षी खेळाची दहावी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर 'लेव्हायथन' नावाची मोठी पेटी. तिच्यातल्या सैनिकांची चित्रे मार्चपासून थोडी थोडी दाखवली गेली आणि पेटी जूनमध्ये विक्रीला आली. पेटीत ७२ सैनिक होते. त्यांपैकी २५ स्पेस मरीन, म्हणजे जाड चिलखतातले मानवी योद्धे, आणि ४७ टिरॅनिड. टिरॅनिड म्हणजे ग्रहामागून ग्रह खाऊन फस्त करणारे, टोळधाडीसारखे येणारे परग्रहावरचे प्राणी. त्यांच्या टोळ्यांना समुद्री आणि पौराणिक राक्षसांची नावे आहेत. बेहेमोथ, क्राकेन आणि लेव्हायथन. पेटीचे नाव तिथूनच आले.

स्पेस मरीन या पेटीत असणार हे तर ठरलेलेच होते. १९९३ सालच्या पेटीत त्यांच्यासमोर ऑर्क होते, १९९८ मध्ये डार्क एल्डार, २००४ मध्ये टिरॅनिड, २००८ मध्ये पुन्हा ऑर्क, २०१७ मध्ये डेथ गार्ड आणि २०२० मध्ये नेक्रॉन. समोरचा शत्रू बदलतो, मरीन कायम. तेव्हा "पेटीत नवे मरीन आहेत!" ही काही बातमी नव्हे. बातमी ही की ते कसे आहेत.

चला तर, त्या चित्रांच्या आधारे पाहण्याच्या सहा पायऱ्या शिकू.

पहिली पायरी : खरा आकार किती?

चित्रातला सैनिक वीतभर दिसतो. खरा सैनिक अंगठ्याएवढा असतो. चित्र मोठे करून दाखवलेले असते, त्यामुळे चिलखतावरचा खिळादेखील स्पष्ट दिसतो. टेबलावर हातभर अंतरावरून तो खिळा दिसणार नाही.

मग आकार कळावा कसा? सोपी युक्ती आहे. सैनिकाच्या पायाखालची गोल चकती बघा. चकत्यांची मापे ठरलेली असतात. साध्या मरीनची चकती ३२ मिलिमीटर व्यासाची, जाड चिलखतातल्या टर्मिनेटरची ४० मिलिमीटरची, आणि बॅलिस्टस ड्रेडनॉट नावाच्या चालत्या यंत्राची ९० मिलिमीटरची. म्हणजे चकती ही चित्रात लपलेली पट्टीच आहे. कागदावर कंपासने ४० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ काढा आणि चित्रातला सैनिक त्यावर उभा आहे अशी कल्पना करा. लगेच खरे माप डोळ्यांसमोर येते.

टर्मिनेटरच्या बाबतीत आकार हाच मुख्य मुद्दा होता. या योद्ध्यांची प्लास्टिकची आधीची जोडणी जवळजवळ दोन दशके चालू होती. २०१७ साली कंपनीने साधे मरीनच उंच केले. मग गंमत अशी झाली की ज्यांना सर्वांत दांडगे दिसायला हवे ते टर्मिनेटर साध्या शिपायांशेजारी ठेंगणे दिसू लागले. घरातला दादा अचानक धाकट्यापेक्षा बुटका दिसावा तसे! २०२३ च्या चित्रांत ते पुन्हा रुंद आणि उंच झालेले दिसले. प्रथमदर्शनीच "हं, आता जमले" असे वाटते त्याचे कारण हे. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की ज्यांच्याकडे जुने टर्मिनेटर होते, त्यांचे सैनिक नव्यांशेजारी आणखीच लहान दिसणार. नवी वस्तू घेताना ती जुन्या वस्तूंशेजारी कशी दिसेल, हाही विचार करावा लागतो.

दुसरी पायरी : सावली ओळखू येते का?

डोळे किलकिले करून चित्राकडे पाहा. रंग आणि बारकावे पुसले जातात, उरते ती बाहेरची रेषा. त्या आकृतीवरून कोण आहे ते ओळखू आले पाहिजे. चांगल्या शिल्पाची ही जुनी कसोटी आहे.

टर्मिनेटर प्रथम लोकप्रिय झाले ते १९८९ च्या 'स्पेस हल्क' या खेळामुळे. मोडक्या अंतराळयानाच्या अरुंद बोळांतून ते एकामागून एक जात. तेव्हापासून त्यांची ठेवण ठरली आहे. डोके दोन खांद्यांच्या मधे खोल बसलेले, पाठ गोल फुगीर, एका हातात बंदूक, दुसरा हात म्हणजे अवजड यांत्रिक मूठ, आणि डाव्या खांद्यावर दगडी क्रूसाचे चिन्ह. नव्या चित्रांत यातले काहीही बदललेले नव्हते. प्रमाण सुधारले, पाय लांब झाले, पण सावली तीच. यालाच जुन्याचा मान राखून नवे करणे म्हणतात.

टिरॅनिडांमधला 'स्क्रीमर-किलर' हे याहूनही चांगले उदाहरण. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या नावाने ओळखला जाणारा एक धातूचा राक्षस होता. गोल टणक पाठ आणि विळ्यासारखे चार हात. पुढे त्याच्या जातीचे रूप बरेच बदलले. २०२३ मध्ये जुनी आकृती पुन्हा आणली गेली. गोल पाठ तीच, चार विळे तेच, पण स्नायू, कवच आणि जबडा आजच्या कौशल्याने घडवलेले. ज्यांनी जुना पाहिला होता त्यांना तो ओळखीचा वाटला आणि ज्यांनी नव्हता पाहिला त्यांना नुसता भयंकर. दोघांनाही काही मिळाले.

तिसरी पायरी : तोल आणि हालचाल

तुम्ही स्वतः उभे राहून त्या सैनिकाची नक्कल करा. खरेच करा, हसू नका! एक पाय पुढे, खांदा मागे, हात वर. पडलात का? मग शिल्पकारानेही चूक केली असावी. नाही पडलात, तर शरीराचा भार कोणत्या पायावर आला ते पाहा आणि चित्रात तसाच आला आहे का ते तपासा.

जड चिलखतातला माणूस उडी मारताना दाखवला तर चिलखत पुठ्ठ्याचे वाटते. टर्मिनेटर संथ पावले टाकताना दाखवले आहेत, हे म्हणून योग्यच. उलट टिरॅनिड पुढे झेपावलेले, मान लांबवलेले, शेपटीने तोल सावरणारे असे दाखवतात. एक सेना भिंतीसारखी, दुसरी लाटेसारखी. दोन्ही शेजारी मांडल्या की न सांगता गोष्ट कळते. चित्रांतले हे मला सर्वांत आवडले.

चौथी पायरी : रंग बाजूला ठेवा

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. चित्रातला सैनिक कंपनीच्या अतिशय कसलेल्या रंगाऱ्यांनी रंगवलेला असतो. त्यांचे हात वर्षानुवर्षे या कामात मुरलेले असतात. आधी अस्तर, मग मूळ रंग, मग खोबणींत उतरणारा पातळ गडद रंग, मग प्रत्येक कडेला केसाएवढी उजळ रेघ, आणि शेवटी डोळे. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी कोणालाही करू देत नाहीत, ती जाणत्या माणसाकडेच असते. इथेही तसेच.

पेटी उघडल्यावर तुमच्या हातात येते ते मात्र राखाडी प्लास्टिक. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते! म्हणून चित्राकडे पाहताना मनातल्या मनात रंग काढून टाका. किंवा वर्गातल्या झेरॉक्स यंत्रावर त्याची काळी-पांढरी प्रत काढा. या वार्तापत्रातली चित्रे नेहमी काळपट येतात म्हणून आपण तक्रार करतो, पण या कामाला तीच उपयोगी! राखाडी रूपातही सैनिक आवडला तर तो शिल्पकाराचा गुण. रंगाबरोबर मोहिनी गेली तर ती रंगाऱ्याची करामत होती असे समजा.

याच पायरीवर आणखी एक प्रश्न विचारा. मला हे रंगवायला जमेल का? मरीनच्या चिलखताचे पृष्ठभाग रुंद आणि गुळगुळीत आहेत. तिथे ब्रशचा फराटा लगेच दिसतो, पण कडा स्पष्ट असल्याने रंग कुठे थांबवायचा ते कळते. टिरॅनिडांचे अंग खरखरीत आणि रेषारेषांचे. त्यावर पातळ गडद रंग फिरवला की तो आपोआप खोबणींत बसतो आणि नवशिक्याचेही काम बरे दिसते. त्यामुळे प्रथमच रंगवणाऱ्याने राक्षसांपासून सुरुवात केलेली बरी.

पाचवी पायरी : हे बनले कसे?

हे सैनिक पोलादी साच्यात बनतात. आता आकृती बहुधा संगणकावर घडवतात आणि तिचे भाग पाडून साचा कोरतात. साच्याच्या दोन बाजू घट्ट मिटतात, आत वितळलेले प्लास्टिक जोराने सोडतात, ते गार झाले की साचा उघडतो आणि भाग लागलेली चौकट बाहेर येते. साचा करायला फार खर्च येतो, पण एकदा झाला की हजारो चौकटी निघतात.

साचा पोलादी असल्यामुळे तो वाकत नाही. एखादा भाग आत वळलेला असेल, जसे काखेतली पोकळी किंवा आकड्यासारखे बोट, तर तो साच्यात अडकेल. म्हणून असे भाग वेगळे करून नंतर जोडावे लागतात. पेणच्या मूर्तिकाराला हे सांगावे लागणार नाही. गणपतीचे हातही साच्यातल्या धडाला नंतर जोडायचे असतात, ते यासारख्याच कारणाने.

हे माहीत असले की चित्रात सांधे शोधता येतात. कंबर कुठे जुळली असेल? खांद्याची रेघ चिलखताच्या घडीत लपवली आहे का? हुशार शिल्पकार सांधा पट्ट्याखाली किंवा कवचाच्या कडेखाली दडवतो. लेव्हायथन पेटीतले सैनिक जवळजवळ एकाच ठरलेल्या पवित्र्यात जोडायचे होते. यात जोडणी सोपी होते, सैनिक दिसतो छान, पण हात आणि शस्त्रे बदलण्याची मुभा फारशी राहत नाही. दोन मित्रांच्या घरचे टर्मिनेटर अगदी जुळ्या भावांसारखे. ज्यांना आपला सैनिक निराळा हवा होता त्यांनी थांबणे शहाणपणाचे ठरले, कारण त्याच वर्षी पुढे टर्मिनेटरांची वेगळी पेटी आली आणि तिच्यात निवडीला वाव होता.

म्हणजे "आत्ताच घेतले नाही तर संपेल" ही घाई नेहमी खरी नसते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! एखादी मोठी पेटी संपते हे खरे, पण तिच्यातले बरेच सैनिक पुढे सुटे मिळतात, असा या खेळाचा आजवरचा अनुभव आहे.

सहावी पायरी : हिशोब

आता पाटी-पेन्सिल घ्या. लेव्हायथन पेटीची ब्रिटनमधली किंमत त्या वेळी १५० पौंड होती. सैनिक ७२. भागाकार केला तर एक सैनिक २ पौंड ८ पेन्सला पडला. स्वस्त वाटते ना? पण समजा तुम्हाला फक्त मरीन हवे आहेत. मग १५० भागिले २५, म्हणजे एक सैनिक ६ पौंडांना. उरलेले ४७ राक्षस कपाटात पडून राहणार. मात्र एका मित्राला राक्षस हवे असतील आणि दोघांनी मिळून पेटी घेतली, तर प्रत्येकी ७५ पौंड. मरीनवाल्याला एक सैनिक ३ पौंडांना पडला, राक्षसवाल्याला साधारण १ पौंड ६० पेन्सला. येथे "हे बरोबर वाटप झाले का?" असा प्रश्न येतो. राक्षस संख्येने जास्त असले तरी त्यांत छोटे बरेच आहेत. यावर घरी चर्चा करा. उत्तर एकच नाही.

पैशांपेक्षाही मोठा हिशोब वेळेचा. एक सैनिक जोडून नीट रंगवायला दोन तास धरू. ७२ सैनिकांना १४४ तास. शाळा, गृहपाठ, पोहणे, तबला आणि आपला मराठीचा वर्ग सांभाळून आठवड्याला दोन तास मिळाले, तर ७२ आठवडे, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष लागेल. यात भिण्यासारखे काही नाही. दीड वर्ष पुरणारा छंद ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या दीड वर्षात आणखी तीन पेट्या मागायच्या नाहीत, एवढे त्यातून ओघाने आले! अंथरूण पाहून पाय पसरावे, आणि कपाट पाहून पेटी मागावी.

एक इशारा. "हा सैनिक खेळात फार बलवान आहे" म्हणून तो घेऊ नका. खेळाची आवृत्ती २०१७, २०२० आणि २०२३ अशी दर तीन वर्षांनी बदलली, आणि मधल्या काळातही नियम दुरुस्त होत राहिले. आज बलवान असलेला उद्या दुबळा होतो. शिल्प मात्र बदलत नाही. जो डोळ्यांना आवडला तो दहा वर्षांनीही आवडेल.

पालकांसाठी चार शब्द

काही पालकांना काळजी वाटते की हा सारा मारामारीचा खेळ आहे. काळजी रास्त आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, या कथेतले मानवी साम्राज्य चांगले म्हणून रंगवलेलेच नाही. ते क्रूर, भित्रे आणि द्वेषाने भरलेले आहे, आणि त्याकडे उपहासाने पाहावे असा हेतू आहे. खुद्द कंपनीनेही २०२१ साली जाहीरपणे तसे स्पष्ट केले. पण लहान मुलाला उपहास आपोआप कळत नाही. चकचकीत चिलखत घातलेला तो नायक, असे त्याला वाटू शकते. तेव्हा "या गोष्टीत चांगले कोण?" असे जेवताना सहज विचारून पाहा. उत्तर ऐकण्यासारखे असते.

दुसरे, हा छंद बैठक शिकवतो. पण यात धारदार सुरी, कातरी आणि प्लास्टिक विरघळवणारा गोंद असतो. पेटीवर साधारणपणे १२ वर्षांपुढील मुलांसाठी असे लिहिलेले असते, ते उगीच नव्हे. त्याहून लहान मुलांना भाग कापून द्यावेत आणि जोडणे, रंगवणे त्यांच्याकडे सोपवावे. खिडकी उघडी ठेवावी. आणि जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरायला विसरू नये!

आणखी एक. मूल चित्र घेऊन येईल तेव्हा लगेच "नको" किंवा "बरं, घेऊ" म्हणू नका. "मला दाखव, काय वेगळे आहे ते सांग" असे म्हणा. मुलाला दहा मिनिटे बोलू द्या. या देशात वाढणारी आपली मुले मराठीत "भूक लागली", "झोप आली" एवढे सहज म्हणतात, पण आवडत्या विषयावर बोलायची वेळ आली की इंग्रजीकडे वळतात, कारण त्या विषयाचे शब्दच आपण त्यांना दिलेले नसतात. ज्या गोष्टीवर मुलाचे खरे प्रेम आहे त्या गोष्टीबद्दल त्याला आपल्या भाषेत बोलता आले नाही, तर ती भाषा त्याच्यासाठी फक्त जेवणाची आणि झोपेचीच राहील. हे आपल्या वर्गाचे खरे काम आहे, आणि ते शनिवारच्या दोन तासांत पुरे होत नाही.

उपयोगी शब्द

ठेवण : बाहेरून दिसणारी आकृती, घाट.
पवित्रा : लढताना घेतलेली उभे राहण्याची पद्धत.
चिलखत : अंगाचे रक्षण करणारे धातूचे वस्त्र.
कवच : प्राण्याच्या किंवा फळाच्या वरचे कठीण आवरण.
सांधा : दोन भाग जुळतात ती जागा.
खोबण : आत गेलेली रेघ किंवा खाच.
अस्तर : रंगाच्या आधी द्यायचा पहिला हात.
बारकावा : लहान पण लक्ष देण्याजोगी गोष्ट.
प्रथमदर्शनी : पहिल्यांदा पाहताच.

पुढील शनिवारसाठी

तुमच्या आवडीच्या, अजून बाजारात न आलेल्या कोणत्याही खेळण्याचे एक चित्र आणा. सैनिकच हवा असे नाही. गाडी, बाहुली, रोबो, काहीही चालेल. त्याखाली मराठीत सहा वाक्ये लिहा, प्रत्येक पायरीसाठी एक : खरा आकार, सावली, तोल, रंगाशिवायचे रूप, जोडणी आणि हिशोब. सातव्या वाक्यात निर्णय लिहा : घ्यावे, थांबावे की नको, आणि का.

ती सात वाक्ये आधी घरी वाचून दाखवा. भारतात आजी-आजोबा असतील तर फोनवर त्यांनाही ऐकवा. त्यांना कळले, तर तुम्हाला नीट सांगता आले असे समजा. पेटी मिळेल की नाही हे मी सांगू शकत नाही, ते आईबाबांच्या हातात! पण "वेगळे म्हणजे काय?" या प्रश्नावर आता तुमची गाडी अडणार नाही.